चंद्रकलाताईंची परीक्षा मी दिली

चंद्रकलाताईंच्या पहिल्या प्रमाणपत्रावर शंभरापैकी शहाण्णव गुण होते. त्यातले निम्मे माझे होते. त्यांचा पासवर्ड माझ्या वहीत होता, त्यांचे शेवटचे चार धडे राहिले होते आणि बॅच बंद व्हायला एक दिवस उरला होता. मी माझ्या घरी, दुपारचं जेवण झाल्यावर, त्यांच्या नावानं आत शिरलो आणि त्यांच्या वाटणीच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं देऊन टाकली. त्यांना विचारलं नाही. नंतर सांगितलंही नाही.

दिवाळी अंकासाठी कामाचे अनुभव लिहा असं मला सुचवलं गेलं, तेव्हा आधी चांगल्याच गोष्टी आठवल्या. त्या आहेत, आणि मी त्या सांगणार आहे, कारण या कामाचा मला अभिमान वाटतो. पण ही एक गोष्ट झाकून बाकीच्या सांगितल्या तर वाचकांशीही मी तसाच वागलो असं होईल.

आधी काम काय आहे ते सांगतो. जालना जिल्ह्यातल्या मंठ्यात माझं टायपिंगचं इन्स्टिट्यूट होतं. टाइपरायटर गेले, मागोमाग विद्यार्थी गेले, आणि पंचेचाळिशी ओलांडल्यावर मीच बेकार झालो. त्या सुमारास एका संस्थेनं मोठ्या माणसांसाठी मोफत ऑनलाइन कंप्युटर शिक्षण सुरू केलं. ज्यांना नोकरी हवी आहे, किंवा हातातली नोकरी कंप्युटर न आल्यामुळे जाऊ पाहते आहे, अशांसाठी. धडे इंटरनेटवर असतात. प्रत्येक धड्यात एक व्हिडिओ, थोडा सराव आणि शेवटी प्रश्न. प्रश्न सुटले की धड्याच्या नावापुढे हिरवी खूण येते, राहिले की लाल. सगळं हिरवं झालं की एकूण गुणांसह प्रमाणपत्र.

मग माझी गरज काय, असं लोक विचारतात. "सगळं इंटरनेटच शिकवतं, तुम्ही नुसतं पंख्याखाली बसता," असं माझे मेहुणे आजही म्हणतात. त्यांनी एकदा नावनोंदणीच्या दिवशी यावं. वाचनालयाच्या मागच्या खोलीत सहा कंप्युटर, बाहेर चपलांचा ढीग, आणि आत पहिला तास नुसता पासवर्डाचा. घरात मोबाइल नंबर एकच, तो नवऱ्याच्या नावावर, आणि नवरा ट्रक घेऊन नाशिकच्या वाटेवर. सहा आकड्यांचा संदेश त्याच्या फोनवर जातो. मग बाई फोन लावतात, "अवो, आकडे आले का? जल्दी सांगा, खिडकी बंद होऊन राह्यली." पलीकडून आवाज येतो, "कसली खिडकी? कोन बोलून राह्यलं?" तेवढ्यात वेळ संपतो. पुन्हा पहिल्यापासून.

त्यात व्हिडिओतली मराठी पुस्तकी. 'आज्ञावली' म्हटलं की सगळे माझ्याकडे बघतात. शिवाय यांतले बरेच जण दिवसभर राबून आलेले असतात. वीस वर्षांनी शिकायला बसलेल्या माणसाला अक्षरांची भीती नसते, हसं होण्याची असते. ती भीती घालवणं हे माझं खरं काम. इंटरनेटला ते येत नाही.

हे काम मी पहिली दोन वर्षं मन लावून केलं, आणि त्याच वेळी एक वाईट सवय लावून घेतली. लोक पासवर्ड विसरतात म्हणून मी सगळ्यांचे पासवर्ड एका वहीत लिहून ठेवू लागलो. कुणी अडलं की त्याच्या हातातला माऊस घेऊन मीच दोन-चार बटणं दाबायचो. "सरका जरा, मी करून देतो." किती वेळा म्हणालो असेन. माणूस खूश, मी खूश, खूण हिरवी. पुढे पुढे माणूस समोर नसतानाही मी त्याच्या खुणा हिरव्या करू लागलो. एखाद-दुसरी.

चंद्रकलाताई त्या वेळी चाळिशीच्या होत्या. गावाबाहेर एका बियाणे कंपनीचं छोटं केंद्र आहे. सोयाबीन, तूर, मूग यांचं बियाणं तिथं चाळतात, निवडतात, पोत्यांत भरतात. तिथं त्या बारा वर्षं निवडणीला होत्या. प्रत्येक पोत्याला टॅग शिवतात. त्यावर वाण कोणतं, लॉट नंबर कोणता, हे छापलेलं असतं. टॅग छापणारा माणूस नोकरी सोडून चालला होता आणि सुपरवायझरनं सांगितलं होतं, निवडणीतल्या ज्या बाईला कंप्युटर येईल तिला त्या टेबलावर बसवू.

"सर, मला ते टेबल पायजे," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "बारा साल खाली बसून दाने निवडले. गुडघे गेले. एकदा खुर्चीवर बसून बघायचंय."

अशी सरळ मागणी करणारी माणसं मला आवडतात. त्या हुशारही होत्या. मराठी टायपिंग तर त्यांनी महिन्यात पकडलं. पण पुढे वैशाख लागला. पेरणीच्या आधी बियाणे केंद्रात श्वास घ्यायला फुरसत नसते. तीन आठवडे त्या आल्या नाहीत. त्यांचे चार धडे लाल राहिले. ते होते आकड्यांच्या तक्त्याचे, म्हणजे ओळी, रकाने, यादी क्रमानं लावणं, असे.

त्या बॅचमध्ये लाल खुणांची अकरा माणसं होती. जिल्ह्यात कुणाची बॅच किती हिरवी, याची यादी संस्था दर महिन्याला पाठवायची. माझं नाव कायम वर असायचं. ते खाली जाणार या विचारानं मला जेवण गोड लागलं नाही. बॅच बंद व्हायच्या आदल्या दिवशी मी वही काढली. बायको म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी कसली वही?" मी म्हणालो, "लोकांचं काम अडलंय."

एकेक नाव घेत अकरा माणसांच्या खुणा हिरव्या केल्या. चंद्रकलाताईंच्या शेवटच्या धड्यातला एक प्रश्न मला नीट आठवतो. यादी क्रमानं लावताना एकच रकाना निवडावा की सगळे? मी बरोबर उत्तर दिलं. सगळे.

महिन्याभरानं जालन्याला संस्थेचा कार्यक्रम झाला. शाल, नारळ, टाळ्या. 'शंभर टक्के हिरवी बॅच.' चंद्रकलाताई पण आल्या होत्या. त्यांनी प्रमाणपत्र दोन्ही हातांनी घेतलं. "शेवटचे धडे राहिले होते ना सर?" असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "आधीचं चांगलं होतं तुमचं, निघालं त्यातून." हे वाक्य मी तिथल्या तिथं बनवलं. त्यांनी त्यावर विश्वास ठेवला. मास्तर म्हणतो ते खरंच असणार.

पुढचं मला सहा महिने कळलंच नाही. कळलं ते गोदाबाईंकडून. गोदाबाई त्याच केंद्रात निवडणीला. नव्या बॅचच्या नोंदणीला आल्या आणि टेबलापाशी वाकून हळूच म्हणाल्या, "सर, सर्टिफिकेटाचे किती घेता?"

"काही नाही. फुकट आहे. शिकायचं फक्त."

"फुकट? मंग चंद्रकलेनं कुठून इकत आनलं?"

मी विचारलं, काय झालं. त्यांनी हसत हसत सांगितलं. बाकीच्या रांगेतल्या बायकाही ऐकत होत्या.

झालं होतं असं. सुपरवायझरनं प्रमाणपत्र बघून चंद्रकलाताईंना टेबलावर बसवलं. पहिल्याच दिवशी यादी दिली. एका रकान्यात वाणाचं नाव, शेजारी लॉट नंबर, शेजारी पोत्यांची संख्या. म्हणाले, नंबर क्रमानं लावून टॅग छापा. ताईंनी एकच रकाना निवडला, नंबरांचा. कंप्युटरनं एक चौकट दाखवून इंग्रजीत काहीतरी विचारलं. मागं सगळे उभे. त्यांनी घाबरून जे बटण दिसलं ते दाबलं. नंबर क्रमानं लागले, वाणांची नावं जागच्या जागी राहिली. तुरीचा नंबर सोयाबीनला, सोयाबीनचा मुगाला. टॅग छापले, शिवले गेले. गाडी भरायच्या वेळी चूक लक्षात आली. तीनेकशे पोत्यांच्या शिवणी निवडणीच्या बायकांनी भर उन्हात उसवल्या आणि पुन्हा शिवल्या.

"सायेब म्हनले, शहाण्णव मार्क अन् हे? सर्टिफिकेट खोटं आनलंस," गोदाबाई सांगत होत्या. "तिनं पोरीची आन घेतली सर, की मी इकत आनलं न्हाई म्हनून. आता कोन ऐकतंय? परत निवडणीला बसवली. आमी तिला मॅडमच म्हनतो. ओ मॅडम, जरा चाळणी सरकवा."

बायका हसल्या. मी रजिस्टरमध्ये बघत राहिलो.

त्याच आठवड्यात मी चंद्रकलाताईंच्या घरी गेलो. कबूल करायलाच गेलो होतो. त्या अंगणात धुणं वाळत घालत होत्या. मला बघून त्यांचा चेहरा पडला. पाणी आणून दिलं, आणि मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "सर, मला माफी करा. तुमचं नाव खराब केलं मी. तुमी येवढं शिकवलं, माझ्या डोक्यात टिकलंच न्हाई. लय आठवून पाह्यलं त्या दिवशी. एक अक्षर आठवलं न्हाई."

जे कधी शिकवलंच नव्हतं ते त्या आठवू पाहत होत्या. हे तिथंच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "होतं असं. परत या. पहिल्यापासून करू."

लोक म्हणतात माणूस मोठी चूक एकदाच करतो. माझा अनुभव वेगळा आहे. पहिली चूक मी घाईत केली, दुसरी शांतपणे, पाणी पिता पिता.

मात्र तिथून परत आल्यावर मी वहीतली पासवर्डांची पानं फाडून टाकली. नियम केला, दुसऱ्याच्या माऊसला हात लावायचा नाही. कुणी अडलं तर मी खुर्चीमागे हात बांधून उभा राहायचो आणि फक्त तोंडानं सांगायचो. सुरुवातीला फार जड गेलं. माणूस चुकीच्या जागी बाण नेतोय, आणि आपण नुसतं बघायचं! पण तसा अडखळत शिकलेला माणूस विसरत नाही, हे मी त्या वर्षी शिकलो. व्हिडिओ मोबाइलवर बघून धडा झाला असंही धरायचं मी बंद केलं. कंप्युटरवर करून दाखवा, मगच प्रश्न. माझी बॅच यादीत खाली गेली. जालन्याहून संस्थेचा फोन आला, "काय झालं सर, तुमच्याकडे एवढं लाल कसं?" मी म्हणालो, "आता खरं दिसतंय."

चंद्रकलाताई परत आल्या. पहिले पंधरा दिवस कोपऱ्यातल्या कंप्युटरवर, कुणाशी न बोलता. त्यांच्या शेजारी रशीदभाई बसायचे. रशीदभाई म्हणजे मूळचे जाफराबादचे टेलर. रेडीमेड कपड्यांनी त्यांचं दुकान बंद पाडलं आणि पन्नाशीत ते दवाखान्यात केसपेपर करायच्या नोकरीसाठी शिकायला आले. पहिल्या दिवशी टेबलाखाली वाकून बघत होते. मी विचारलं, काय हरवलं? म्हणाले, "सर, इसका पायडल किधर है? हात से चलाने की आदत नै मेरेकू."

तक्त्याचा धडा मी दोन तास समजावत होतो. रकाना, ओळ, रकाना, ओळ. चेहरे कोरे. शेवटी रशीदभाईच म्हणाले, "रुको सर." त्यांनी पिशवीतून आपली जुनी मापांची वही काढली आणि चंद्रकलाताईंपुढे धरली. "हे बघ बहन. एक गिऱ्हाईक, एक लाइन. हे नाव, ही छाती, ही कमर, ही बाही. आता मी नुसती छाती-छाती उचलून लहान-मोठी लावली, अन् नावं तशीच ठेवली, तर काय होईल?"

ताई त्या पानाकडे बघत राहिल्या. "कुणाचा कुर्ता कुणाला," त्या म्हणाल्या.

"बराबर! पाटलाच्या पोटावर पोराचा सदरा!"

त्या हसल्या. सात-आठ महिन्यांत मी त्यांना प्रथमच हसताना बघितलं. मग गंभीर होऊन स्वतःशीच म्हणाल्या, "म्हनजे मी तसं केल्तं त्या दिवशी." त्यांनी माऊस घेतला, सगळे रकाने निवडले, क्रम लावला, मोडला, परत लावला. अकरा वेळा केलं, मी मोजलं. त्या दिवशी खोलीतून निघताना माझी छाती भरून आली होती. शाल मिळाली तेव्हासुद्धा तसं झालं नव्हतं. तो धडा मी आजही मापांच्या वहीनंच शिकवतो. रशीदभाई दवाखान्यात नोकरीला लागले. तिथं गेलो की ते उठून उभे राहतात, आणि मला बसवून, मी न विचारता, माझा केसपेपर काढून दाखवतात.

चार महिन्यांनी ताईंनी सगळ्या धड्यांची परीक्षा पुन्हा दिली. मी खोलीच्या बाहेर थांबलो. गुण आले अठ्ठ्याहत्तर. माझ्या दृष्टीनं ते त्या खोलीतले सगळ्यांत मोठे गुण होते. मी पेढे आणायला निघालो, तर त्या खुर्चीवर तशाच बसून होत्या.

"काय झालं ताई? पास झालात."

"पास झाले. पन सर, पयल्यांदा शहाण्णव होते. आता दुप्पट अभ्यास करून अठ्ठ्याहत्तर. डोकं कमीच होऊन राह्यलं माझं. टेबल मागायला कोनत्या तोंडानं जाऊ?"

मी दार लोटून घेतलं आणि समोरच्या खुर्चीवर बसलो. सगळं सांगितलं. वही, आदला दिवस, चार धडे, तो रकान्यांचा प्रश्न. "तुमचं डोकं कमी झालेलं नाही. तेव्हाचे गुण तुमचे नव्हते. हे आहेत."

त्यांनी पडद्यावरच्या अठ्ठ्याहत्तरकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मी पोरीची आन घेतली."

"ती खरी होती. तुम्हाला माहीत नव्हतं."

"मला आता कळलं खरी व्हती ते. येवढे दिवस मलाच वाटून राह्यलं व्हतं, का मार्क येवढे अन् येत काईच न्हाई, मंग आपल्याकडून आनच खोटी घेतली गेली म्हनून." आवाज चढला. "तुमी माझ्या अंगणात बसून पानी पेले, सर."

"हो."

"त्या बायांना ठावं हाय हे?"

"नाही."

"मंग मला एकटीला दाराआड काय सांगून राह्यले? मी तर रोज त्यांच्यात बसते. उद्या दुपारी या तिकडं. माझ्याकडं नगं, त्यांच्याकडं तोंड करून सांगा."

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकतो. संस्थेला मी त्याच संध्याकाळी सगळं लिहून कळवलं. त्यांनी अकराही प्रमाणपत्रं रद्द केली आणि बाकीच्या दहा जणांना पुन्हा शिकवायचं काम माझ्यावरच टाकलं. कामावरून काढलं असतं तर ते सोपं गेलं असतं. मी दहा दारं फिरलो. काही जण चिडले. एकजण म्हणाला, "मला वाटलंच, मी तर सहाव्या धड्यानंतर फिरकलोच न्हवतो!" आठ जण परत आले, आठही जण आपल्या हातानं पास झाले. आणि टॅगच्या टेबलावर आज चंद्रकलाताई बसतात. पुढच्या हंगामाआधी सुपरवायझरनं त्यांना समोर बसवून यादी करायला लावली आणि मान हलवली. गोदाबाईंना त्यांनीच माझ्याकडे शिकायला पाठवलं. या कामानं मला जे काही दिलं, त्यात याहून मोठं काही नाही.

पण ताईंनी बोलावलेल्या त्या दुपारी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. मोटारसायकलवर मी वाक्यं पाठ करत बियाणे केंद्रावर गेलो. शेडच्या सावलीत बायका डबे सोडून बसल्या होत्या, सुपरवायझर दाराशी उभे. गोदाबाई म्हणाल्या, "काय सर, आज इकडं? अजून कुनाला मॅडम करायचं हाय का?" हशा झाला. चंद्रकलाताई कडेला बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, भाकरी मोडत राहिल्या.

पाठ केलेलं सगळं गेलं. मी म्हणालो, "चंद्रकलाताईंनी प्रमाणपत्र विकत आणलं नव्हतं. त्यांचे शेवटचे चार धडे झालेच नव्हते. त्यांना न सांगता ती परीक्षा मी दिली. माझी बॅच पुढं दिसावी म्हणून. त्या दिवशी यादीचा जो घोळ झाला, तो धडा मी त्यांना शिकवलाच नव्हता."

गोदाबाईंचा घास हातातच राहिला. "म्हंजे ती पोती आमी उन्हात उसवली, ती तुमच्यापायी?"

"हो. माझ्यामुळे. तुमचीही मी माफी मागतो."

मी सुपरवायझरकडे वळून म्हणालो, "टेबलावर कुणाला बसवायचं ते तुम्ही ठरवा. पण यांना खोटी म्हणू नका. खोटा मी होतो."

मग मी चंद्रकलाताईंकडे वळलो. त्यांनी भाकरी बाजूला ठेवली होती आणि आता त्या सरळ माझ्याकडे बघत होत्या. हात जोडले, आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "ताई, मी तुमच्या घरी आलो तेव्हा तुम्हीच माझी माफी मागितलीत, आणि मी गप्प बसलो. तेव्हाच बोलायला हवं होतं. तुमच्या नावाला दहा-अकरा महिने जो बट्टा लागला, तो माझा होता. माझं चुकलं. मला माफ करा."